पेत्राशी अबोला

आमच्या शेजारचे शामूभाऊ मंडपवाले आणि येशूचा पट्टशिष्य प्रेषित पेत्र यांचं बोलणं बंद आहे. पेत्राला जाऊन दोन हजार वर्षं होत आली, पण भाऊंना त्यात काही अडचण वाटत नाही. चर्चमध्ये पेत्राच्या पत्रातलं वाचन सुरू झालं की ते उठतात आणि बाहेर उभा केलेला टेम्पो जागेवर आहे का ते बघून येतात. तो टेम्पो आजवर कुणी चोरलेला नाही. चार माणसांनी ढकलल्याशिवाय तो सुरू होत नाही, हे लातुरातल्या चोरांनाही ठाऊक असावं.

भाऊंचं पूर्ण नाव शामुवेल. लग्न, बारसं, तेरवी, प्रचारसभा, जिथे माणसं जमतील तिथे कापड ताणायचं आणि ताटं पुरवायची, हा त्यांचा धंदा. मी काही ख्रिस्ती नाही. त्या धर्मातलं मला जे कळतं ते आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून, मेथी निवडता निवडता कळलेलं आहे. त्यामुळे त्यात मंडपाचा भाग थोडा जास्त आहे.

"पौल आपल्या धंद्यातला मानूस, वहिनी," हे मी ऐकलेलं पहिलं प्रवचन. पौल म्हणजे गावोगाव फिरून येशूचा धर्म सांगणारा प्रेषित, आणि तो पोटासाठी राहुट्या करायचा. करिंथ शहरात गेला तेव्हा उतरला कुणाकडे? अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोकडे, आणि तेही राहुट्या करणारेच. "स्वतःच्या हातानं कमवायचं आन् मग धर्म सांगायचा. कुनाचा मिंधा न्हाई." पौलाबद्दल भाऊ असे बोलतात, जणू मागच्या लग्नसराईत औसा रोडचं एखादं मोठं काम दोघांनी मिळून उरकलं आहे.

त्यांचा सिद्धांत एकच आहे. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास म्हणजे पंगतीचा इतिहास. यरुशलेमात पहिली मंडळी जमली, सगळ्यांचं सगळं एकत्र, रोजचं जेवण एकत्र. आणि पहिली तक्रार कसली आली? ग्रीक बोलणाऱ्या विधवांना नीट वाढत नाहीत. मग त्या कामाला सात जण निवडले. "पयली कमिटी कशाची? वाढप्यांची! त्यातलाच एक स्तेफन. येशूसाठी पयला जीव त्यानं दिला. वाढपी व्हता, वहिनी." हे ते आपल्या वाढप्यांसमोर सांगतात, तेव्हा ती पोरं जरा घाबरतात. करिंथात तर खात्यापित्या घरचे लोक आधी येऊन जेवून घ्यायचे आणि मागून येणारे गरीब उपाशी राहायचे, त्यावर पौलाने पत्रातून सगळ्यांना झाडलं. सुरुवातीला कित्येक वर्षं चर्चला इमारत नव्हती, लोक घराघरांतून जमायचे. यावर भाऊंचं म्हणणं असं, की मंडप टाकला असता तर सोय झाली असती, पण ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता, मंडप लांबून दिसला असता.

आता पेत्राचं प्रकरण. अंत्युखिया नावाच्या शहरात यहुदी आणि यहुदी नसलेले, दोन्हीकडचे येशूला मानणारे लोक एकत्र जेवायला बसायचे. जुन्या रिवाजात हे बसत नव्हतं. पेत्र तिथे आला आणि खुशाल सगळ्यांबरोबर जेवू लागला. मग यरुशलेमाहून, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडचे, जुना रिवाज पाळणारे काही लोक आले. ते काय म्हणतील या भीतीने पेत्र हळूच बाजूला झाला. त्याचं बघून बाकीचे उठले, पौलाचा जोडीदार बर्णबासुद्धा उठला. तेव्हा पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं. हे पौलाने स्वतः गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आहे.

"पेत्र काय म्हनला मग?" मी विचारलं.

"तेच तर लिहिलं न्हाई!" भाऊ भिंतीवर हात आपटून म्हणाले. "पौलाचं बोलनं हाय, पेत्राचं उत्तर न्हाई. चर्चात आजवर जेवढे पाळक आले, समद्यांना इचारलं."

आत्ताचे पाळकसाहेब शांत स्वभावाचे आहेत. पेत्राने पुढे आपल्या पत्रात पौलाला प्रिय बंधू म्हटलंय, हे त्यांनी भाऊंना दाखवलं. "पत्रात काय, लग्नपत्रिकेत पण समदे स्नेहांकित असत्यात," भाऊ म्हणाले. पेत्र शेवटी रोममध्ये क्रुसावर मेला, परंपरा सांगते की त्याने स्वतःहून उलटं टांगून घेतलं, हेही सांगून झालं. "मेला, मान्य हाय. पर त्या जेवनाचं काय?" पेत्र पाण्यावर चालल्याची गोष्ट वाचली त्या रविवारी तर त्यांनी मागच्या बाकावरून एवढंच म्हटलं, "चालंना का. ताटावर बसून राहनं अवघड."

भाऊंचा दुसरा राग बुफेवर आहे. "कोन कुनाजवळून उठलं, ह्ये बुफेत कळतंच न्हाई. पेत्र बुफेत असता तर सुटला असता." स्वतः ते प्रत्येक कार्यात शेवटच्या पंगतीला, वाढप्यांबरोबर बसतात आणि उजवीकडची जागा रिकामी ठेवतात. कोणी बसायला आलं की म्हणतात, "तिकडं सरक बाबा, जेवताना कोपर मोकळं लागतंय मला." भाऊंचं कोपर इतरांच्या कोपराएवढंच आहे. मी नीट बघितलंय.

खरी गोष्ट त्यांच्या बायकोने, रिबकाताईंनी सांगितली. "पेत्र कुठला घेऊन बसलात! ते रेणापूरचे गोविंदराव हायेत."

गोविंदराव हे भाऊंचे पहिले भागीदार. दोघांनी मिळून पहिला शामियाना घेतला, एका डब्यात जेवले, एकाच ताडपत्रीखाली झोपले. गोविंदरावांच्या बहिणीच्या लग्नाचा मंडप भाऊंनी बांधला आणि पंगतीला गोविंदरावांनीच त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. वरणभात वाढून झाला, तेवढ्यात निलंग्याचे, जातपात पाळणारे वडीलधारे सोयरे मंडपात शिरले. त्यांनी या दोघांकडे बघितलं. गोविंदराव "आलोच" म्हणून उठले आणि सोयऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसले. भाऊंनी ताट पूर्ण संपवलं. दुसऱ्या दिवशी मंडप सोडला आणि भागीदारीही सोडली. त्यानंतर एका शब्दाने बोलणं नाही. तेव्हा भाऊंच्या लेकीचा, रूथचा, जन्मही झाला नव्हता.

मला दोघांचाही राग आला. गोविंदरावांचा का, ते सांगायला नको. भाऊंचा अशासाठी की रेणापूर लातुरापासून अर्ध्या तासावर आहे, आणि हा माणूस भांडायला अंत्युखियाला जातो. मी भिंतीपाशी जाऊन स्पष्टच बोलले, "भाऊ, पौल निदान तोंडावर तरी बोलला. तुम्ही काय केलंत?"

त्यानंतर बरेच दिवस भाऊ भिंतीकडे फिरकले नाहीत. माझी मेथी निमूटपणे निवडली जाऊ लागली. मग रूथचं लग्न ठरलं आणि ते पत्रिका घेऊन आले. एक आमची. दुसरी त्यांनी भिंतीवर ठेवली आणि आभाळाकडे बघत म्हणाले, "तुमचं म्हायेर रेणापूरचंच ना? गेलात तर द्या. न्हाई गेलात तरी चालंल."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. गोविंदराव आता काठी घेऊन चालतात. त्यांनी पत्रिका दोन्ही बाजूंनी वाचली, कव्हरही वाचलं.

"पंगत हाय का बुफे?"

"पंगत."

त्यांनी पत्रिका कव्हरात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग त्यांनी मला चहा घ्यायचा आग्रह केला.

लग्नाच्या दिवशी पहिली पंगत झाली, दुसरी झाली, तरी रेणापूरकडचं कोणी नाही. भाऊ कुठे वाट बघत होते? ते म्हणे टेम्पो जागेवर आहे का ते बघत होते, चारदा. दुपार कलली तेव्हा ते वाढप्यांबरोबर शेवटच्या पंगतीला बसले, उजवीकडची जागा नेहमीसारखी रिकामी ठेवून.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. गोविंदराव उतरले, दोघे पुतणे उतरले. पुतण्यांनी "आमी जेवून आलो" म्हणून हात जोडले आणि ते कडेला उभे राहिले. गोविंदराव काठी टेकत टेकत त्या पंगतीच्या शेवटापर्यंत चालत आले, काठी खांबाला लावली आणि गुडघे सावरत भाऊंच्या उजव्या बाजूला खाली बसले. कोपराची गोष्ट कोणी काढली नाही. भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं नाही, फक्त हात वर करून वाढप्याला म्हणाले, "वरन घेऊन ये इकडं."

ते दोघे जेवू लागले. मग थोरला पुतण्या जवळ आला, वाढप्यांच्या रांगेकडे नजर टाकून वाकला आणि हळूच म्हणाला, "तात्या, उठा. निलंग्याची मंडळी घरी येऊन बसल्यात. फोन आला."

भाऊंचा घास हातातच राहिला.

"जेवायलोय," गोविंदराव मान वर न करता म्हणाले. "त्यांना म्हनावं, बसा." आणि त्यांनी वांग्याची भाजी परत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ अंगणात मंडपाच्या कापडाच्या घड्या घालत होते. मी भिंतीवरून विचारलं, "मग? पेत्राशी बोलणं सुरू होणार का?"

त्यांनी घडी पूर्ण केली, हाताने दाबून सपाट केली. डोळे लाल दिसत होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"वहिनी, पेत्राचं उत्तर कामून लिहिलं न्हाई, ते कळलं मला."

"कामून?"

"परत येऊन बसला असंल ताटावर," भाऊ म्हणाले. "तोंडात घास असल्यावर मानूस काय बोलंल?"