शमीमबाई आणि एका अक्षराची चूक

लग्न ठरल्याचे पेढे घेऊन शमीमबाईंकडे गेलं, की त्या डबा हातात घेत नाहीत. आधी विचारतात, "दोघांचं रक्त तपासलंत?"

त्यामुळे आमच्या गल्लीत साखरपुडा आटपेपर्यंत बाईंना कुणी काही कळू देत नाही. पण त्यांना कळतंच. रत्नागिरीत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय त्यांनी. मंडपवाला त्यांचा विद्यार्थी, पत्रिका छापणाराही त्यांचाच.

शिकवायला त्यांना वर्ग लागत नाही. एकदा बांगडे निवडता निवडता मला म्हणाल्या, "ह्याला बांगडा व्हायचं कुणी सांगितलं, सावंत? प्रत्येक पेशीत एक लांबलचक रेणू, डीएनए. त्यात चारच अक्षरं. तीच पुढंमागं मांडून सगळा मजकूर लिहिलेला. ह्याचा, तुमचा, हिचासुद्धा."

"माझा मजकूर राहू दे बाई," कोळीण म्हणाली, "पिशवी उघडा."

आमच्या मुग्धाचं देवरूखच्या निखिलशी ठरलं, तेव्हा मी पेढे चार दिवस लपवले. पाचव्या दिवशी बाई दारात.

"तपासलं?"

"पत्रिका जुळलीय, बाई."

"ग्रह राहू देत वर. थॅलसेमियाचं बघा. मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एकीत एका अक्षराची चूक असली तरी दुसरी सांभाळून घेते, माणसाला पत्ता लागत नाय. पण नवरा-बायको दोघंही तसेच निघाले नि पोराला दोन्ही चुकीच्याच मिळाल्या, तर त्याचं रक्त धड बनत नाय."

"बाई, शुभ बोला!" बायको आतून म्हणाली.

बाई गेल्या. आम्हाला वाटलं, घरी गेल्या. त्या गेल्या होत्या एसटी स्टँडवर. दुपारी देवरूखहून निखिलच्या आईचा फोन. "मुलीला काही आजार आहे का हो? एक बाई येऊन आमच्या निखिलला रक्त तपास म्हणतायत!"

घरात रडारड झाली. मी बाईंशी बोलणं टाकलं. मुग्धा मात्र म्हणाली, "बाबा, साधी तपासणीच ना?" दोघांनी जाऊन रक्त दिलं.

निखिलचं व्यवस्थित होतं. मुग्धाच्या एका प्रतीत चूक निघाली.

"विचार करून कळवतो," निखिलची आई फोनवर म्हणाली. असल्या 'कळवतो'चा अर्थ मुलीच्या बापाला समजावून सांगावा लागत नाही. मी तडक बाईंकडे गेलो. "झालं समाधान?"

बाईंनी पर्स उचलली, चपला घातल्या. "चला देवरूखला."

निखिलच्या घरी त्या पाणीही न पिता बोलायला लागल्या. "मुग्धा आजारी नाय. निखिलच्या दोन्ही प्रती चांगल्या, म्हणजे पोरांना त्याच्याकडून एक चांगली मिळणारच. हा आजार त्यांना व्हायचा नाय. आणि चुकांचं म्हणाल, तर तुमच्या-माझ्यातही असतील. आपण शोधल्या नाहीत, एवढंच."

"लिहून द्याल?" निखिलच्या आईनं विचारलं.

बाईंनी कागद मागून घेतला, सगळं लिहिलं आणि खाली सही केली: निवृत्त शिक्षिका. निखिल म्हणाला, "आई, कागद ठेव. मी लग्न करतोय."

लग्न छान झालं. पुढच्या आठवड्यात मी बाईंची माफी मागायला गेलो. त्या गॅसवर चहाचं आधण ठेवत होत्या.

"बाई, लोक तोंडावर बोलतात तुम्हाला. कशाला हे अंगावर घेता?"

त्या ओट्याकडेच तोंड करून उभ्या राहिल्या. "मला मुलगा होता, सावंत. तुम्ही इथं राहायला यायच्या आधी. हे कुवेतला. मी दर महिन्याला त्याला रक्त चढवायला मुंबईला न्यायची. नऊ वर्षांचा होऊन गेला. पुढे हेही गेले." चहापत्तीचा डबा पुढे ओढत म्हणाल्या, "मी वर्गात फळ्यावर ती चार अक्षरं काढत होते ओ. नि आमचं दोघांचं रक्त तपासावं, हे माझ्या डोक्यात नाय आलं."

मी विचारलं, "नाव काय त्याचं?"

बाई वळल्या. "अन्वर." मग म्हणाल्या, "हे कुणी विचारत नाय. सगळे आजाराचंच विचारतात."

"कसा होता?"

बाई खुर्ची ओढून बसल्या. "बडबड्या! पूर्णगडला आजोळी गेला की खेकड्यांना नावं द्यायचा. एका खेकड्याचं नाव हेडमास्तर. का, तर तो तिरका चालतो नि सगळ्यांवर डोळे वटारतो..."

त्या सांगत राहिल्या. गॅसवरचं आधण आटत आलं होतं. मी हळूच उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसलो.