तुलनेचं गाव

सावरवाडीच्या भाविकाने विकासाच्या अर्थशास्त्रात एम.ए.ला प्रवेश घेतला. हा विषय नेमका काय असतो ते गावात कुणालाच कळलं नाही. पण जी वस्तू गावात नाही तीच पोरगी शिकतेय, म्हणजे वस्तू चांगली असणार, यावर एकमत झालं.

तिच्या प्रबंधाला दोन गावं लागत होती, एक रस्ता असलेलं आणि एक नसलेलं. रस्ता असलेलं हमरस्त्याला लागूनच सापडलं. नसलेल्यासाठी तिला घराबाहेर पडावं लागलं नाही. मार्गदर्शक डॉ. सौमित्र यांनी सावरवाडीला ‘तुलनेचं गाव’ हा दर्जा दिला. गावाला मिळालेला तो पहिलाच दर्जा.

निरीक्षण वर्षभर चालायचं होतं. निम्मं वर्ष सरलं आणि खालापूरच्या तालुका कचेरीतून बातमी आली, सावरवाडीचा रस्ता मंजूर! वेशीवर खडीसुद्धा येऊन पडली. भाविकाने हरखून सरांना फोन लावला.

“रस्ता? आत्ता?” सर दचकले. “अगं, मग तुलना कशाशी करणार? नमुना बाटेल. तुझं वर्ष जाईल.”

“पण सर, गावाला रस्ता हवाय.”

“तो सगळ्याच गावांना हवा असतो. शास्त्राला मात्र एखादं गाव रस्त्याशिवाय हवं असतं.”

घरी ती जेवलीच नाही. सोनुबाई आजीने गोंजारून सगळं काढून घेतलं आणि पारावर गाव गोळा केलं.

“पोरीचं वरीस जातंय रं. रस्ता काय पळून जातोय? त्याला पाय हायत का?”

“आजे, मी नवी रिक्षा आनलीय की गं!” गजा कळवळला.

“मग ठेव ती तिकडं हमरस्त्याला, शिळफाट्यावर. गावात आनलीस तर पोरीच्या अभ्यासात घुसंल.”

ठराव झाला, ‘प्रबंध पूर्ण होईपर्यंत विकास स्थगित.’ तो घेऊन गाव खालापूरला गेलं. कचेरीतल्या साहेबांनी आयुष्यभर रस्ता का होत नाही याचीच उत्तरं दिली होती. रस्ता नको म्हणणारी माणसं पाहून ते खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. खडी त्याच दिवशी दुसऱ्या गावाला गेली. तिथे रस्ता होता. त्यावर आणखी एक झाला.

शेतात लावणी करताना सोनुबाई गाऊ लागली,

*थांब रं डांबरा, थांब वढ्याच्या काठाला*
*लेक माझी बसली मोठ्या पुस्तकाच्या पाठाला*

बाया ओळ उचलून धरत. पण सरांच्या सूचना वाढतच गेल्या. इतर कुठलाही बदल चालणार नव्हता. रूपालीने नवं शिवणयंत्र गोधडीखाली झाकलं. स्वराजने खोपोलीच्या कारखान्याला कळवलं, नोकरीवर परीक्षेनंतर येतो. परीक्षा त्याची नव्हती. सोनुबाईच्या शेळीला जुळी झाली, त्यातलं एक करडू उत्पन्नवाढ म्हणून कणगीमागे दडवलं.

सर कळंबच्या रिसॉर्टवरून पाहणीला आले, गुडघाभर चिखलात रुतले आणि प्रसन्न झाले. “उत्तम! काहीच बदललेलं नाही.”

नेमकं तेव्हाच करडू ओरडलं.

“हे काय?”

“शेजारचं हाय,” सोनुबाई म्हणाली.

शेजारीही नमुन्यातच होता. तो खोकला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, “मंजूर झालेला रस्ता मग का झाला नाही?”

“लोकांनीच थांबवला,” भाविका म्हणाली.

“का?”

“सर, माझ्या—”

“कारणं अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहेत,” डॉ. सौमित्र घाईने म्हणाले.

परीक्षक भारावले. त्यांनी निष्कर्षाच्या पानावर एक वाक्य घालायला लावलं, ‘ग्रामीण जनतेला विकासाची इच्छाच नसते.’ भाविकाला प्रथम श्रेणी मिळाली. रिक्षा शिळफाट्यालाच ठेवून गजाने पेढे चिखलातून डोक्यावर आणले.

दुसऱ्या दिवशी भाविका खालापूरला रस्ता परत मागायला गेली. साहेबांनी विद्यापीठाकडून आलेला तिचाच प्रबंध उघडून पुढे सरकवला.

“ताई, संशोधन सांगतंय, तुम्हाला तो नकोय.”

“अहो, ते मीच लिहिलंय!”

“म्हणून तर आम्ही विश्वास ठेवला.”

पुढे ते वाक्य पेपरातही छापून आलं. तुम्हीही सकाळच्या चहाबरोबर वाचलंत, मान डोलावलीत आणि म्हणालात, “खरंय, या लोकांनाच नको असतं.” मग पेपराची घडी करून गाडीत बसलात. रस्ता तुमच्या दारापासूनच सुरू होत होता.