राणीच्या खोलीत हिराकाकी

आमच्या हिराकाकींना वाचता येतं, हीच खरी अडचण आहे. पाटी दिसली की त्या थांबतात, अक्षराला अक्षर लावून मोठ्याने वाचतात, मान डोलवतात आणि त्यावर जे करू नका म्हणून लिहिलंय नेमकं तेच करायला निघतात. 'प्रवेश बंद' असेल तर काकींचं आत काम निघालंच म्हणून समजा. 'थुंकू नये' ही एकच पाटी त्या पाळतात. "ती मानसाची हाय," त्या म्हणतात. "बाकीच्या साहेबांच्या."

राहनाळ गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको सुमन भाड्याने राहतो. मी भिवंडीत शाळेत शिकवतो, म्हणून काकींच्या लेखी 'मास्तर'. आसपासची गोदामं त्यांच्याच भातशेतीवर उभी आहेत. दुकानात जायला चांगला रस्ता आहे, पण काकी जातात गोदामाच्या आवारातून. कंटेनर मागेपुढे होतायत, हमाल ओरडतायत, आणि मधून लुगडं सावरत काकी चालल्यात. एकदा नव्या वॉचमनने अडवलं.

"अम्मा, पास दिखाओ."

"पास कायका? तू जिधर खडा हय ना, उधर मी चिखल केलाय, भात लावलाय."

"कीचड तो अभी भी है, अम्मा," तो म्हणाला. तेव्हापासून दोघांचं रोज भांडण होतं आणि एखाद्या दिवशी तो सुट्टीवर असला की काकी दुकानातून चिडलेल्या परततात.

गेल्या मे महिन्यात सुमनने सहलीची टूम काढली. वाडा गावाच्या पुढे, डोंगरावर, एका जुन्या संस्थानिकाचा राजवाडा आहे. राजघराणं उन्हाळ्यात तिथे राहायला जायचं. आता त्याचं संग्रहालय केलंय. आम्ही निघालो तर काकी आधीच गाडीत बसलेल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पण त्यांनीही विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात घरात जरा तंग वातावरण होतं. त्यांचा मुलगा दिनेश ठाण्याहून येऊन सांगून गेला होता: घर पाडायचं, तिथेही गोदाम बांधायचं आणि आईला आपल्या विसाव्या मजल्यावरच्या घरी न्यायचं. काकींनी त्याला चहा दिला, उत्तर दिलं नाही. वाटेत अंबाडी गावात वडापाव खाल्ला तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "मिरची जुनी हाय."

राजवाड्याच्या दारातच पाटी होती. काकींनी वाचली. "कोणत्याही... वस्तूस... हात लावू नये." मग आत जाऊन पेंढा भरलेल्या वाघाच्या मिशीला हात लावला. रखवालदार धावत आला. खाकीतला, वयाने काकींच्या आसपासचा गृहस्थ.

"बाई, हात नका लावू."

"त्याची हरकत न्हाय. तू इचार त्याला."

रखवालदाराने शहाणपण दाखवलं आणि तिथून पुढे तो आमच्याबरोबरच चालू लागला. दिवाणखाना झाला, जेवणघर झालं. प्रत्येक दारात जाड दोरी बांधलेली, आणि प्रत्येक दोरीपाशी काकी कमरेतून वाकू लागल्या की तो खोकायचा. वरच्या मजल्यावर राणीच्या खोलीपर्यंत हा खोकला पुरला. तिथे काकी दोरीखालून आत शिरल्या.

पलंग, आरसा, भिंतीवर म्हाताऱ्या राणीचा फोटो. आत नुसती वाफ कोंडलेली. काकींनी घाम पुसला, सगळीकडे बघितलं आणि सरळ खिडकीची कडी काढली.

"अहो बाई, ऊन येतं, चित्रं फिकी पडतात. पाखरं घुसतात. बंद ठेवायचा हुकूम आहे."

"उन्हाल्यासाठी बांधलेलं घर ना ह्ये? मंग वारा कुठनं येयाचा?"

खिडकी उघडली. खालच्या दरीतून वारा वर आला आणि पलंगावरची मच्छरदाणी फुगली. राजवाडा बघायला आलेली दुसरी माणसंही वाऱ्यासाठी दारात पुढे सरकली. रखवालदाराने टोपी काढली. बहुधा त्यालाही उकडत होतं.

काकी खिडकीखालच्या दगडी बैठकीवर टेकल्या. "ही रानी हितं कवापत्तूर होती?"

"शेवटपर्यंत," तो म्हणाला. "राजेसाहेब गेल्यावर मुलं शहरात गेली. न्यायला यायची. ह्या जायच्या नाहीत. एक कामवाली आणि ह्या, एवढ्या मोठ्या घरात दोघीच."

"मंग जबरदस्तीनं न्हेली का?"

"कोणाची हिंमत? इथेच गेल्या."

काकी फोटोकडे बघत राहिल्या. "बरं केलंस, बाय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकी नेहमी स्पीकरवरच बोलतात, त्यामुळे सगळ्या मजल्याने ऐकलं.

"आये, कुठं हायस?"

"रानीच्या घरी. दिनेश, तुझ्या घरची खिडकी उघडते का?"

"एसी हाय ना. विसाव्या मजल्यावर खिडकी कशाला उघडायची?"

"मंग मी न्हाय येत. घर पाडाया आलास तर मी उंबऱ्यात बसलेली असंन. ह्ये आजच सांगून ठेवतंय."

पलीकडून दिनेशचा आवाज आला, "जेवलीस का?"

"वडापाव खाल्ला," म्हणून त्यांनी फोन बंद केला.

मला वाटलं, आता त्या जिंकल्यासारख्या उठतील. त्या उठल्या नाहीत. लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत सुमनला म्हणाल्या, "माझं भांडन मी भांडंन. त्याची काय काळजी न्हाय. पन तुमी वरती ऱ्हानार ना? सांजेला वरती तुमची पावलं वाजतात. न्हाय वाजली का मना जेवन जात न्हाय."

तीन वर्षं त्या जिन्याखालून ओरडत होत्या, "हळू चाला, डोकं दुखतं."

"राहणार काकी," सुमन म्हणाली. "कुठे जातोय आम्ही."

खिडकी लावायला आत आलेला रखवालदार कडीला हात घालून उभा होता. त्याने हात खाली घेतला. काकी बैठकीवर जरा सरकल्या आणि दोरीबाहेर उभ्या असलेल्या सुमनला म्हणाल्या, "ये आत. हितं वारा लागतो."