ध्वनिरोधक सुधारणा

कौटुंबिक हिंसाचार रोखायचा तर सुधारणेचं काम जनतेच्या जवळ राहून व्हायला हवं, असा राज्य सरकारने निर्णय घेतला आणि 'कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध सुधारणा कक्ष' राजधानीतून उचलून ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात, आमच्या कूलाबिन गावी आणून ठेवला. जागा मिळाली बेकरीच्या वरच्या मजल्यावर. अर्ध्या मजल्यात कक्ष, उरलेल्या अर्ध्यात भाड्याने राहणारं एक जोडपं, ग्लेन आणि मेरिन. मधली भिंत पातळ जिप्समची. जनता जरा जास्तच जवळ आली आहे, हे कक्षाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

त्या सकाळी बैठक रंगात आली होती. विषय होता 'सजग शेजारी' मोहीम. 'ऐकलंत? बोला!' असं लिहावं की 'ऐकलंत तर बोला', यावर दोन तट पडले होते. उद्गारचिन्ह आक्रमक वाटेल, असं एका गटाचं म्हणणं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "अक्कल गहाण टाकलीस का गं?" पाठोपाठ काहीतरी फुटलं. मग बाईचा आवाज, "ग्लेन, नको ना. ग्लेन!"

सगळे आपापल्या कॉफीत बघू लागले. धोरण अधिकारी केरविन तेवढा उठला. तो पूर्वी शाळामास्तर होता. गोंगाट झाला की उठायची सवय गेली नव्हती.

"पोलिसांना फोन करू?"

"बस रे जरा," संचालिका फिलिपा म्हणाली. "आपलं काम व्यवस्था सुधारायचं आहे. एकेका घरात डोकावत बसलो तर समग्र चित्र कोण बघणार?"

"अगं, पण शेजाऱ्याने फोन करावा, हे आपणच लिहिलंय ना?"

"शेजाऱ्याने," फिलिपा म्हणाली.

केरविनने जिन्यात जाऊन फोन केलाच. पोलीस आले. ग्लेनने हसतमुखाने दार उघडलं, टीव्हीवर फुटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची, जुनी मॅच मोठ्याने लागली होती म्हणाला. त्या मॅचवर दोघा पोलिसांनी त्याच्याशी चार शब्द बोलून घेतले आणि ते गेले. इकडे फिलिपाने राजधानीहून कायदेशीर सल्ला मागवला. तो तत्परतेने आला: मोहिमेच्या मसुद्यानुसार शेजारी म्हणजे लगतच्या जागेत वास्तव्य करणारी व्यक्ती, कक्ष तिथे काम करतो, वास्तव्य करत नाही, सबब कक्ष शेजारी नाही. व्याख्या बदलण्याची केरविनची सूचना तत्त्वतः मान्य होऊन पुढच्या वर्षीच्या लोकसुनावणीसाठी राखून ठेवण्यात आली.

आवाज येत राहिले. कर्मचाऱ्यांची झोप उडाली, एकीला घास गिळवेना. ही बाब मात्र गंभीर होती, म्हणून आठवड्यातून एकदा समुपदेशक बाई येऊ लागल्या. पलीकडच्या आरडाओरड्यात त्यांना इकडची दुःखं नीट ऐकू येईनात, तेव्हा त्यांनी ध्वनिरोधक भिंतीची शिफारस केली. गावात बायकांसाठी निवारा बांधायचा प्रस्ताव कित्येक वर्षं विचाराधीन होता. भिंत तातडीने मंजूर झाली, कारण ती कर्मचारी कल्याणात बसत होती. मंजुरीच्या कागदात 'आवाज' हा शब्द फिलिपाने येऊ दिला नाही. आवाज म्हटलं की कुणाचा, हा प्रश्न येतो.

काम सुरू व्हायच्या आत एके दिवशी चहाच्या वेळेला मेरिन दारात उभी राहिली. अंगात लांब बाह्यांचा स्वेटर, बाहेर भट्टीसारखं ऊन.

"मी शेजारची. एक विचारायचं होतं. आमच्याकडचं... तुम्हाला ऐकू येतं का हो?"

"छे छे! अजिबात नाही," फिलिपा पटकन म्हणाली. पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढाच तिचा हेतू. "उलट किती शांत शेजार आहे! या ना, लॅमिंग्टन केक घ्या एक."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मेरिनने केक घेतला नाही.

"असं होय," ती म्हणाली. "कोर्टाकडून संरक्षण आदेश मागितलाय. ग्लेन म्हणतो, ही मनाचंच रचून सांगते. मला वाटलं, तुमच्यापैकी कुणी तरी..."

"मला येतं ऐकू," केरविन म्हणाला. "सगळं येतं. मी सांगेन कोर्टात."

"केरविन!" फिलिपाने पाहुणीसमोर जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडून घेतलं.

सरकारी नोकराला साक्ष द्यायला परवानगी लागते. ती सहा सह्या गोळा करत तारखेच्या आदल्या दिवशी पोचली. तोवर भिंत उभी राहिली होती.

केरविनने ऐकलं ते सगळं सांगितलं. ग्लेनच्या वकिलाने प्रत्यक्ष चाचणीची मागणी केली आणि मॅजिस्ट्रेटने एका हवालदाराला कक्षात उभं केलं. पलीकडे ग्लेनला नेहमीसारखं ओरडायला सांगण्यात आलं. त्याने मनापासून सहकार्य केलं. हवालदाराला फक्त बेकरीचा पंखा ऐकू आला.

"अहो, भिंत नवी आहे!" केरविन कोर्टात कळवळून म्हणाला.

"कशासाठी बांधली?" वकिलाने विचारलं आणि मंजुरीचा कागद वाचून दाखवला: कर्मचारी कल्याण. अर्ज फेटाळला गेला. फिलिपा घरी जाऊन रडली, असं म्हणतात.

मेरिन निकालाची प्रत घ्यायलाही थांबली नाही. ग्लेन कामावर जाताच तिची बहीण सामानासाठी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन आली, केरविनने रजा टाकून शिलाई मशीन खाली उतरवलं. फिलिपाही निरोप द्यायला जिना उतरली.

"आम्हाला फार वाईट वाटतंय हो," ती म्हणाली.

"भिंत छान झालीये तुमची," मेरिन म्हणाली. "आधी तो मारायचा तेव्हा वाटायचं, पलीकडे माणसं आहेत. तेवढाच धीर. भिंत झाली आणि तो धीरही गेला."

फिलिपाचे डोळे खरोखर भरून आले. "हे वाक्य," ती म्हणाली, "आमच्या मोहिमेसाठी वापरलं तर चालेल? तुमचं नाव घालणार नाही."

बहिणीने उत्तरादाखल गाडी सुरू केली. कक्षाने ते मूक संमती म्हणून नोंदवलं. मेरिन आता दूर समुद्राकाठी असते, शिवणकाम करते, बरी आहे. केरविन पुन्हा शाळेत शिकवतो.

'पलीकडे माणसं आहेत' हे पोस्टर राज्यभर बसथांब्यांवर लागलं आणि मोहिमेला बक्षीस मिळालं. मग पाहणी झाली. पोस्टर वाचून डोळ्यांत पाणी आलं, असं जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. असा आवाज आला तर बोलाल का? नक्की बोलू. आलाय का कधी? छे, आमच्याकडे नाही बुवा.

राज्यातल्या एकूण एक भिंती उत्तम निघाल्या. तुमचीही असेलच. नाहीतर इतका वेळ निवांत वाचत बसला नसता.