होकार जहांगीरचा, नकार भुजंगचा

हैदराबादच्या क्लासवाल्या कंपनीचा फोन आला तेव्हा जहांगीर रंध्याचं पातं घासत होता आणि भुजंग शेजारच्या फळीवर बसून शेंगा फोडत होता. कंपनी लातुरात मोठी शाखा काढणार होती. औसा रोडवर अख्खी इमारत घेतली होती आणि तिच्यातल्या सगळ्या वर्गांना बाकं हवी होती. पुढल्या महिन्यात हॉटेलात मीटिंग ठेवली आहे, दोघं मालक या, असं फोनवरच्या माणसाने सांगितलं. फोन ठेवता ठेवता त्याने पुस्ती जोडली, की मीटिंग इंग्रजीत होईल.

जहांगीरने फोन ठेवला आणि भुजंगला सगळं सांगितलं.

दोघांची भागीदारी भूकंपानंतरची. पुनर्वसनाची गावं वसत होती आणि त्या घरांना दारं-खिडक्यांच्या चौकटी लागत होत्या. जहांगीरच्या घरात आजोबांपासून सुतारकाम. भुजंग रेणापूरचा शेतकरी, त्याला लाकूड पारखायची नजर आणि माणसं जमवायची हौस. चार-पाच वर्षं त्यांनी चौकटींशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. मग गावं वसली आणि चौकटींचं काम थांबलं. तोवर लातुरात क्लासचं पीक आलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं येत होती, प्रत्येक गल्लीत फिजिक्सचा एक तरी फलक होता. पण बहुतेक सर पोरांना सतरंजीवर बसवायचे. कारखान्यातले कारागीर पुण्याला जायच्या गोष्टी करू लागले होते. ही बाकं मिळाली नाहीत, तर दारं बनवणाऱ्यांना स्वतःचंच दार लावून घ्यावं लागणार होतं.

"इंग्रजीचं काय करायचं?" जहांगीरने विचारलं.

"शिकायचं," भुजंग म्हणाला. "लातुरात काय शिकवत न्हाईत?"

वीरण्णा सर मूळचे उदगीरचे. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि आता घराच्या पुढच्या खोलीत बोलायच्या इंग्रजीचा क्लास चालवत होते. त्यात सगळी इंजिनिअरिंगची पोरं. त्यांच्यामागे हे दोघे जाऊन बसले. पहिल्या आठवड्यातच सरांच्या लक्षात आलं, की जहांगीरला वाक्य पाठ होतं पण दुसरं पाठ केलं की पहिलं जातं. आणि भुजंगचं तर पहिलंच येत नाही. सर अनुभवी होते. त्यांनी दोघांना क्लास सुटल्यावर थांबवून घेतलं.

"हे बघा," सर म्हणाले, "मीटिंगमध्ये माणूस दोनच गोष्टी बोलतो. हो म्हणतो, नाही तर नाही म्हणतो. बाकी सगळी सजावट असते. तुम्ही दोघं आहात. निम्मं निम्मं वाटून घ्या."

भागीदारीत वाटणी नवी नव्हती. जहांगीर स्वभावाने मऊ, म्हणून होकाराची वाक्यं त्याला मिळाली: 'वुई अग्री, सर', 'दॅट्स अ व्हेरी गुड पॉइंट', 'नो प्रॉब्लेम ॲट ऑल'. नकाराची भुजंगकडे आली. त्यातलं मुख्य वाक्य होतं, 'आय ॲम अफ्रेड, दॅट इज नॉट पॉसिबल'. भुजंगने ते ऐकून घेतलं आणि अफ्रेड म्हणजे काय ते विचारलं. भ्यालेला, असं सरांनी सांगितल्यावर तो बिथरला.

"मी कशाला भिऊ? बाकं आमची, लाकूड आमचं."

इंग्रजीत नाही म्हणायच्या आधी भ्यायची रीत असते, खरं भ्यायचं नसतं, हे समजावण्यात सरांची अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी भुजंग कबूल झाला, पण ते वाक्य तो अशा आवाजात म्हणू लागला, की ऐकणाऱ्यानेच भ्यावं.

सरांनी घरी सराव करायला सांगितलं होतं. जहांगीरने केला. त्याची बायको साबेरा रमजानच्या आधी घर रंगवून घ्यायचं म्हणत होती, गेली तीन वर्षं म्हणत होती. त्या दिवशी तिने पुन्हा विषय काढला आणि जहांगीर सरावाच्या नादात म्हणाला, "दॅट्स अ व्हेरी गुड पॉइंट." अकरावीतल्या बुशराने आईला अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी जहांगीरला जाग आली ती रंगाऱ्याच्या शिडीच्या आवाजाने.

तिकडे रेणापुरात भुजंगची बायको चतुराबाई भाकरी वाढू का विचारायला आली, तर भुजंगने तिला 'वुई नीड सम टाइम टू थिंक' ऐकवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मान हलवायची तऱ्हा कळली. तिने टोपलं झाकलं आणि शेजारी भजनाला निघून गेली. भुजंग त्या दिवशी गूळ-शेंगांवर निजला. दोघांचाही अभ्यास असा पक्का होत गेला.

मीटिंगच्या दिवशी हॉटेलच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत दोघे वेळेआधीच जाऊन बसले. जहांगीरने ईदचा शर्ट घातला होता आणि भुजंगने मेहुण्याचा कोट. कंपनीकडून दोघे आले होते: अबुजर नावाचे तरुण मॅनेजर, गळ्यात टाय, कपाळावर घाम, आणि त्यांच्या कचेरीतल्या गौरम्मा, ज्या ठरेल ते लिहून घेणार होत्या.

अबुजरसाहेबांनी बोलायला सुरुवात केली. बाक तीन जणांचं हवं, असं काहीसं ते म्हणाले. थ्री एवढं जहांगीरला समजलं.

"वुई अग्री, सर," तो म्हणाला.

आता आपली पाळी, असं भुजंगला वाटलं. एकट्या भागीदारानेच बोलत राहणं बरं दिसत नव्हतं. तो खाकरला आणि म्हणाला, "आय ॲम अफ्रेड, दॅट इज नॉट पॉसिबल."

गौरम्मांनी आधीचं खोडलं आणि नवीन लिहिलं. अबुजरसाहेबांनी घाम पुसला, "लेट अस मूव्ह फॉरवर्ड" म्हणाले आणि उंचीकडे वळले. उंची जहांगीरला मान्य झाली, भुजंगला झाली नाही. मग रंग आला. जहांगीरला त्यात काहीच अडचण नव्हती; भुजंगला विचाराला वेळ हवा होता. वेटरने चहा आणू का विचारलं, त्यालाही दोघांनी आपापली उत्तरं दिली. तो ट्रे धरून दारातच उभा राहिला.

त्यानंतर अबुजरसाहेब एक लांबलचक वाक्य बोलले. त्यातला 'आयर्न' हा शब्द तेवढा जहांगीरला ओळखीचा वाटला. कपडे इस्त्री करून कामाला या असं असेल, मोठ्या कंपनीत असतं, असं समजून तो मनापासून म्हणाला, "नो प्रॉब्लेम ॲट ऑल."

भुजंगने त्यालाही नकार दिला. आता तो रंगात आला होता. अबुजरसाहेबांनी टाय सैल केला, "लेट अस मूव्ह फॉरवर्ड" पुन्हा म्हणाले, पण पुढे कुठे जायचं ते त्यांनाही सुचेना. हातातली ऑर्डर सुटत चालली आहे हे जहांगीरला दिसत होतं आणि ते थांबवायला त्याच्याकडे एकही वाक्य नव्हतं.

तेवढ्यात छत घरघरलं आणि टेबलावरचे पेले किणकिणले.

लातूरच्या माणसाला त्या काळात अशा वेळी विचार करावा लागत नसे. वेटर ट्रेसकट दिसेनासा झाला. भुजंगने अबुजरसाहेबांचा हात धरला, जहांगीरने गौरम्मांना पुढे घातलं, आणि कुणी काही विचारायच्या आत चौघंही जिना उतरून रस्त्यावर आले होते. हॉटेलातली निम्मी गिऱ्हाइकं हातात घास घेऊन तिथे उभी होती. थोड्या वेळाने वरून मालक वाकला आणि ओरडून सांगू लागला, की दुसऱ्या मजल्यावर लोखंडी कपाट सरकवलंय, जेवायला या.

अबुजरसाहेबांनी शेजारच्या पानटपरीचा खांब धरून ठेवला होता. जहांगीरने पानवाल्याचं स्टूल ओढलं, त्यांना बसवलं आणि पाठीवर हात फिरवत सवयीने म्हणाला, "घबराओ नक्को भाई, कुछ नै हुआ. पानी पीते क्या?"

अबुजरसाहेबांनी वर पाहिलं. "मियाँ, तुमे ये जबान बोलते तो सुबू से अंग्रेजी कायकू बोलरे थे?"

"हमना फोन पे बोले ना, अंग्रेजीच चलती कर के."

"हमना ऑफिस में बोले, लातूर के लोगाँ लई पढे-लिखे, वहाँ अंग्रेजीच बोलना." अबुजरसाहेबांनी टाय काढून खिशात कोंबला. "मैं तो मीटिंग के वास्ते क्लास लगाया था."

मग पानाच्या टपरीसमोर खरी मीटिंग झाली. वर काय काय ठरलं हे पाहायला त्यांनी गौरम्मांचा कागद मागितला. त्यावर खोडाखोडीखेरीज काही उरलं नव्हतं. नव्याने बोलताना उलगडलं, की आयर्न म्हणजे इस्त्री नव्हे. कंपनीला बाकं लोखंडी पाइपाची हवी होती, आणि लाकडाचा कारागीर त्याला बिनतक्रार हो म्हणून बसला होता. जहांगीरचं तोंड उतरलं. पण भुजंगचा नकार मध्ये होता, म्हणून ती गोष्ट ठरलेली धरता येत नव्हती. जहांगीरने लाकडाची बाजू आपल्या भाषेत मांडली, पोरं दिवसभर बसतात, उन्हाळ्यात लोखंड पोळतं, हे सांगितलं. अबुजरसाहेबांना ते पटलं. दोन चहांत लाकूड, उंची आणि भाव ठरून गेले.

"म्हंजी मी न्हाई म्हणलो म्हणून वाचलो," भुजंग परतताना म्हणाला. तो कोट त्याने मेहुण्याला परत केलाच नाही.

अबुजरसाहेबांच्याही डोक्यात तो नकार राहिला होता. इतक्या थंडपणे आपल्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं, असं ते जहांगीरला बोलून दाखवायचे. लातूरची बाकं वेळेत बसली, क्लास भरला आणि कंपनीने नांदेडला शाखा काढायचं ठरवलं. तिथला इमारतमालक भाड्याला फार ताणत होता. अबुजरसाहेबांनी भुजंगला सोबत नेलं. भुजंग कोट घालून मालकासमोर बसला आणि दर थोड्या वेळाने आपलं वाक्य म्हणाला. मालकाला वाटलं, हैदराबादचे मोठे साहेब आले आहेत. भाडं उतरलं. मग पंखेवाला आला, मग रंगवाला. भुजंग सगळ्यांना नाही म्हणत गेला आणि सगळे उतरत गेले. अबुजरसाहेब त्याला दर वेळी मांसाहारी जेवण आणि पानविडा देत.

शेवटी नांदेडच्या बाकांची मीटिंग लागली. हैदराबादहून मोठे साहेब येणार होते, म्हणून ती मात्र खरोखर इंग्रजीत होती. जहांगीर एकटाच एसटीने गेला, कारण भुजंग आदल्या दिवशीच कंपनीच्या जीपमधून पोचला होता. खोलीत शिरल्यावर जहांगीरला दिसलं, की टेबलाच्या पलीकडे मोठे साहेब बसले आहेत, त्यांच्या एका बाजूला अबुजरसाहेब आणि दुसऱ्या बाजूला, कोटात, त्याचा भागीदार.

जहांगीरने आकड्यात लातूरचाच भाव सांगितला. मोठ्या साहेबांनी मान वळवून भुजंगकडे पाहिलं. सगळेच पाहू लागले. पंखा फिरत होता, आणि भुजंगच्या तोंडून ते वाक्य सवयीने, अगदी सुरेख उच्चारांसकट बाहेर पडलं.

"आय ॲम अफ्रेड, दॅट इज नॉट पॉसिबल."

अबुजरसाहेबांनी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडाला लावला. मोठ्या साहेबांनी कमी भाव सुचवला आणि जहांगीरकडे पाहिलं. जहांगीरने आठवून पाहिलं. त्याच्याकडे जी वाक्यं होती, त्यातलं सगळ्यात नीट येणारं त्याने म्हटलं.

"वुई अग्री, सर."

परतीच्या एसटीत दोघे एकाच बाकावर बसले. लोहा मागे पडल्यावर भुजंगने कोट काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला. भाव उतरला त्या तोट्यात निम्मा वाटा आपलाच आहे, हे त्याच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं होतं.

"जहांगीर," तो हळूच म्हणाला, "तू तरी न्हाई म्हणायचं की."

जहांगीर खिडकीबाहेर बघत होता. "न्हाई म्हणायचं तुझ्याकडं हाय," तो म्हणाला. "मला कुठं येतंय?"