सोमवारचा फुगा

हवामान केंद्रात त्याला सगळे ‘ओझोनवाले’ म्हणत. दर बुधवारी दुपारी तो एक भलामोठा पांढरा फुगा आकाशात सोडायचा. फुग्याला थर्माकोलची पेटी टांगलेली, पेटीत ओझोन मोजणारं यंत्र. उंचावर फुगा फुटला की छोट्या छत्रीला लटकत पेटी खाली यायची, बहुधा लांबच्या माळावर.

“साहेब, वरचा ओझोन रोज बदलतो,” तो साहेबांच्या मागे लागला होता. “आपण बघणार फक्त बुधवारी आणि सरासरी छापणार महिन्याची. बाकीचे सहा दिवस वर काय चालतं, देव जाणे.”

“आजवर कुणाची तक्रार आलीय?” साहेब विचारायचे. “ओझोनची तर नाहीच नाही.”

शेवटी त्याच्या भुणभुणीला कंटाळून साहेबांनी महिनाभर सोमवारीही फुगा सोडायला परवानगी दिली. नेमकं पहिल्याच सोमवारी वारं फिरलं आणि पेटी माळाऐवजी वस्तीकडे गेली. पेटीवर केंद्राचा नंबर होताच. चारच्या चहाला फोन वाजला.

“तुमचं एक खोकं आमच्या टोमॅटोंवर पडलंय. दोन रोपं आडवी झालीत.”

आवाज ऐकून त्याला हसूच फुटलं. “बाबा, अहो मी बोलतोय.”

“बाबाबिबा नंतर. आधी रोपांचं बोला.”

बाबा चेष्टा करताहेत असं समजून तो जीप घेऊन निघाला. वडील शेजारच्या गावात एकटे राहत. दर रविवारी सकाळी तो त्यांच्याकडे जायचा. बाबांची गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा. सुनेची, नातीच्या परीक्षेची चौकशी. घरी परतताना तो बहिणीला फोनवर सांगायचा, “बाबा एकदम ठणठणीत.”

आज बाबा अंगणात उलटा स्वेटर घालून, हातात खराटा घेऊन पेटीवर पहारा देत होते. दाढीचे खुंट वर आले होते. शेजारच्या काकू पायरीवर बसल्या होत्या.

“ओळखपत्र?” बाबांनी हात पुढे केला.

त्याने हसत हसत दिलं. बाबांनी ते डोळ्यांजवळ धरून नीट वाचलं. “आडनाव आमचंच की. कुठले तुम्ही?”

त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

काकू त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सोमवारी कसे आलात तुम्ही?” जणू परीक्षेआधीच परीक्षक वर्गात आला होता. “शनिवारी मी त्यांची उजळणी घेते. तुमचं नाव, सुनेचं, नात कितवीत आहे ते. रविवारी दाढी करून देते. तेवढी सकाळ निभावतात हो. दुपारी परत पाटी कोरी.”

“मला सांगितलं का नाही?”

“त्यांनीच शपथ घातली होती. तेव्हा त्यांना सगळं कळत होतं.”

तो रोपांपाशी जाऊन बसला. एक उचलून त्याने काडीला टेकवलं. ते पुन्हा आडवं झालं. बाबाही शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, “साहेब, एक विनंती आहे. माझा मुलगा तुमच्याच खात्यात आहे. मी असं विसरतो हे त्याच्या कानावर घालू नका. फार हळवा आहे तो.”

“नाही घालत.”

“रविवारी येतो तो. तुम्हीही या, ओळख करून देतो.”

त्याने मान हलवली. “रविवारी येईनच. पण उद्याही यावं लागेल. पेटी इथेच पडली तर न्यायला.”

“उद्याही पडणार?” बाबांनी काळजीने आभाळाकडे पाहिलं. “आणि परवा?”

“परवाही,” तो म्हणाला. “आता रोज मोजायचं ठरलंय.”

“मग उरलेली रोपं भिंतीकडे हलवायला हवीत,” बाबा म्हणाले आणि उठण्यासाठी त्यांनी त्याच्याकडे हात केला.