पेट्राला तिखट चालत नाही

पेट्राला तिखट चालत नाही, हे उत्तराच्या आईने पेट्रा यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. शाळेत जर्मनीहून मुली येणार होत्या आणि त्यातली एक आठवडाभर मुलुंडला उत्तराकडे राहणार होती. शाळेच्या सुनंदाबाईंनी वर आणखी जाहीर केलं होतं, की पाहुणी जाताना वर्गातल्या ज्या मुलीचं नाव सुचवेल, ती मे महिन्यात जर्मनीला जाईल. तिकडून कोणाला काय हवं, हे उत्तराने मैत्रिणींना विचारूनसुद्धा ठेवलं होतं.

घरातून फोडणी हद्दपार झाली. वरच्या मजल्यावरून डायनिंग टेबल उसनं आलं. बाबांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी माळ्यावर गेली.

"माझ्याच घरात पँट घालून जेवू?" बाबा म्हणाले.

"जर्मन लोक काय चड्डीवर जेवतात?"

बाबांना जर्मन लोकांची माहिती नव्हती, म्हणून त्यांनी पँट चढवली.

पेट्रा आली. टेबलावर उकडलेले बटाटे, उकडलेली गाजरं आणि पाव. सगळ्यांनी काटे उचलले. बाबांचा बटाटा निसटून कपाटाखाली गेला. "थँक यू," म्हणत पेट्रा अर्ध्यातूनच उठली.

गॅलरीच्या टोकाच्या खोलीत उत्तराच्या वर्गातली प्रेमा राहायची. पाहुणीसाठी तिने नावच दिलं नव्हतं. एका खोलीत पाच माणसं, सहावी झोपणार कुठे? पण त्या खोलीतून बोंबलाच्या कालवणाचा वास सुटला आणि पेट्रा वासामागे थेट आत.

"बस गो चेडवा, लाजतस कित्याक?" प्रेमाच्या आईचा, शेवंतीकाकूंचा आवाज गॅलरीभर ऐकू आला.

पेट्रा परतली ती लाल नाक, पिवळी बोटं आणि डोळ्यांत पाणी घेऊन.

"बघ, रडवलं पोरीला," आई म्हणाली. "एवढ्या लांबून आलेल्या मुलीला जमिनीवर बसवून हाताने जेवायला लावायचं, याला काय अर्थ आहे? आता तिच्या पोटाला आराम हवा. उद्या नुसतं सूप."

सूप बघून पेट्रा पुन्हा प्रेमाकडे. मग सुपातली मिरपूड गेली. तरी पेट्रा प्रेमाकडेच. पेट्रा तिकडे जितकं झणझणीत खाई, तितकं इकडे आणखी फिकं शिजे. शेवटी तर मीठसुद्धा चिमटीवर आलं आणि मग चिमटीतूनही गायब झालं.

"आई, थोडं वरण दे ना," उत्तरा कुजबुजली. "माझी जीभ मेलीय यार."

"जर्मनीला जायचंय ना? मग गीळ."

उत्तराने गिळलं.

निरोपाच्या दिवशी आई जरीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. पेट्रा इंग्रजीत बोलत होती आणि सुनंदाबाई ते मराठीत सांगत होत्या.

"पेट्रा म्हणते, उत्तराच्या घरी तिला एकदाही परकं वाटलं नाही."

आईने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"टेबल, काटे, बटाटे, सगळं तिच्या घरासारखं. सूप तर तिच्या आजीला हॉस्पिटलात देतात तस्संच." बाई जरा अडखळल्या. "म्हणून ती विचारते, उत्तराला जर्मनीत नवीन असं काय बघायला मिळणार? ती प्रेमाचं नाव सुचवते."

घरी आल्या आल्या आईने कढईत अशी काही मोहरी फेकली, की बाबा दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात प्रेमा दारात.

"काकू, मे महिन्यापर्यंत रोज तुमच्याकडे जेवायला येऊ? आई म्हणाली, सवय झालेली बरी."